मुलामा

आम्हांस फर्निचरातले काही कळत नाही. चाळीस वर्षे एकाच शिसवी टेबलावर उत्तरपत्रिका तपासल्या, एवढाच काय तो या विषयाशी आमचा संबंध. तेव्हा अठराव्या शतकातील फ्रेंच कपाटांविषयी आम्ही लिहिणे हा अव्यापारेषु व्यापार ठरेल, याची जाणीव आहे. तरीही लिहीत आहोत. कारण अशाच एका कपाटासमोर उभे असताना आमच्या तोंडून एक शब्द निघून गेला, आणि तोच शब्द तेवीस वर्षांपूर्वी आम्ही एका विद्यार्थ्याच्या प्रबंधिकेच्या समासात लाल शाईने लिहिला होता. तो शब्द म्हणजे ‘मुलामा’.

२०१९ च्या उन्हाळ्यात मुलीकडे गेलो असता पॅरिस पाहणे झाले. लूव्र संग्रहालयात आम्ही गेलो ते चित्रे पाहण्यासाठी. दोन तासांत पाय भरून आले, गर्दी असह्य झाली, आणि जिकडे माणसे कमी दिसली तिकडे आम्ही वळलो. ती अठराव्या शतकातील शोभिवंत वस्तूंची दालने होती. २०१४ साली नव्याने मांडून ती लोकांसाठी खुली झाली, ही माहिती आम्हांस मागाहून मिळाली. तेथे एक ठेंगणे, खणांचे कपाट आहे. फ्रेंच भाषेत या प्रकाराला ‘कमोड’ म्हणतात. हे नाव वाचून मराठी वाचकाच्या ओठांवर जे हसू येईल ते आमच्याही आले होते. कपाटाची मालकीण होती मादाम द्यु बारी, पंधराव्या लुईची अखेरची प्रेयसी. १७७२ साली व्हर्सायमधील तिच्या निवासासाठी ते पुरवण्यात आले. घडवणारा मार्टिन कार्लिन.

कपाटाचे लाकूड जवळजवळ दिसतच नाही. दर्शनी भागावर आणि बाजूंवर सेव्र येथील कारखान्याचे चिनी मातीचे पांढरे, गुळगुळीत चित्रफलक बसवलेले आहेत. बागेत रमलेली, गाणीबजावणी करणारी माणसे त्यांवर रंगवली आहेत. ही चित्रेही मूळची नव्हेत. पातर, लांक्रे अशा आधीच्या पिढीतील चित्रकारांच्या चित्रांवरून ती उतरवलेली आहेत. प्रत्येक फलकाला सोनेरी चौकट, कडांवर सोनेरी नक्षी, पायांवरही सोने. म्हणजे लाकडावर चिनी माती, चिनी मातीवर दुसऱ्याचे चित्र आणि या सर्वांच्या कडेने कांस्यावर चढवलेले सोने. आम्ही मुलीला म्हणालो, “सगळा मुलामा आहे.” ती म्हणाली, “बाबा, निदान नीट बघा तरी.” आम्ही पुढे निघालो होतो. तिच्या बोलण्याने थांबलो, आणि मग जे आठवले ते कपाटाविषयीचे नव्हते.

तो विद्यार्थी दक्षिण महाराष्ट्रातील एका लहान गावातून आला होता. मोरोपंतांच्या अलंकारयोजनेवर त्याला काम करायचे होते. पंडित कवींवर काम करणे त्या काळात फारसे प्रतिष्ठेचे नव्हते. विभागातल्या चर्चा आधुनिकतेच्या आणि साठोत्तरी साहित्याच्या असत. आम्ही नाखुशीनेच होकार दिला. त्याने यमकांवर एक लांबलचक प्रकरण लिहिले. मोरोपंतांची यमके म्हणजे आर्येवर बाहेरून लावलेली झालर नसून आर्येचा अर्थच यमकाच्या जागी वळतो, असे त्याचे प्रतिपादन होते. आम्ही समासात लिहिले, ‘हे काव्य नव्हे, मुलामा.’ खाली आनंदवर्धनांचा दाखला दिला. ज्यासाठी कवीला वेगळा यत्न करावा लागत नाही तोच खरा अलंकार, हे ध्वन्यालोकातील सूत्र आमचे आवडते होते. यमकाला वेगळा यत्न लागतो, म्हणून ते बाद.

प्रकरण घेऊन तो आमच्या खोलीत आला. उभाच राहिला. म्हणाला, “सर, मुलामा कसा देतात ते तुम्हांला ठाऊक आहे का?” आम्ही म्हणालो, “त्याचा येथे काय संबंध?” तो म्हणाला, “माझे वडील तेच काम करतात. दागिन्यांना.” आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही सुचलेच नाही, आणि न सुचल्याचा राग आला, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. त्याने ते प्रकरण वगळून प्रबंधिका सादर केली. पदवी मिळाली. पुढे तो एका तालुक्याच्या गावी शिक्षक झाल्याचे कानावर आले.

पॅरिसहून परतल्यावर आम्ही वाचू लागलो. निवृत्त माणसाजवळ वेळ असतो, आणि टोचणी असली म्हणजे चिकाटीही येते. त्या वाचनातून जे हाती लागले ते आमच्या सोयीचे नव्हते.

कार्लिन जन्माने जर्मन, फ्रायबुर्गकडचा. जन्म १७३० च्या सुमाराचा. पॅरिसच्या पूर्वेस फोबुर सँतांत्वान नावाचे उपनगर होते. तेथील मठाच्या विशेषाधिकारामुळे कारागीर-श्रेणींचे नियम तेथे शिथिल असत, म्हणून बाहेरून आलेले सुतार तेथे वस्ती करीत. कार्लिनही तेथेच राहिला. १७५९ साली त्याने झाँ-फ्राँस्वा अबाँ या नामांकित कारागिराच्या बहिणीशी विवाह केला, आणि १७६६ साली श्रेणीने त्याला उस्ताद म्हणून मान्यता दिली. त्यानंतर लाकडावर स्वतःच्या नावाचा ठसा उमटवण्याचा अधिकार त्याला मिळाला. हा ठसा दर्शनी भागावर नसे. तो शोधायचा म्हणजे वस्तू उलटी करावी लागते किंवा वरचा संगमरवर उचलावा लागतो.

कार्लिनने केले ते लाकूडकाम. चिनी माती त्याची नव्हे, सोनेही त्याचे नव्हे. पॅरिसमधील श्रेणींचा कायदाच तसा होता. लाकडाचे काम करणाऱ्याने कांस्य ओतायचे नाही, ओतणाऱ्याने मुलामा द्यायचा नाही. शार्ल क्रेसाँ नावाच्या त्याआधीच्या एका थोर कारागिराने आपल्याच कारखान्यात कांस्यकाम करवून घेतले, तेव्हा श्रेणीने त्याच्यावर खटले भरले. मग हे सारे एकत्र आणणार कोण? तर व्यापारी. र्यू सँतोनोरेवर सिमाँ-फिलिप प्वारिए याचे दुकान होते. १७७२ पासून दोमिनिक दागेर त्याचा भागीदार झाला आणि १७७७ मध्ये प्वारिए निवृत्त झाल्यावर दुकान त्याच्याकडे गेले. या वर्गातील व्यापाऱ्यांना काहीही घडवण्याची मुभा नव्हती, विकण्याची मात्र सगळ्याची होती. दिदेरोच्या विश्वकोशाने या गोष्टीवरून त्यांची चेष्टाही केली आहे. पण कपाटावर चिनी मातीचे फलक बसवावेत ही कल्पना रुजवली ती प्वारिएने. सेव्रच्या कारखान्यातून असे फलक तो इतक्या प्रमाणात घेई की त्या मालावर जवळपास त्याचीच मक्तेदारी झाली होती. माप तो ठरवी, फलक तो आणवी, कार्लिनकडून त्या मापाचे लाकूडकाम करवून घेई, कांस्यकाराला चौकटी सांगे.

सेव्रचे फलक करणे हेही साधे काम नव्हते. कारखाना १७५६ साली व्हँसेनहून सेव्रला आला आणि १७५९ पासून पूर्णपणे राजाच्या मालकीचा झाला. खऱ्या चिनी मातीला लागणारे केओलिन फ्रान्समध्ये सापडले ते १७६८ साली, लिमोजजवळ. तोवर काचेच्या भुकटीसारखे घटक मिसळून केलेल्या एका ठिसूळ मिश्रणावरच काम भागवावे लागे. हे मिश्रण भट्टीत आकसे, वाकडे होई. सपाट फलक सरळ निघणे ही त्यातली सर्वांत अवघड गोष्ट. आधी कोरा भाजायचा, मग झिलई देऊन भाजायचा, मग पार्श्वभूमीचा रंग, मग चित्राचे रंग, शेवटी सोने. दर वेळी भट्टी, आणि दर वेळी तडा जाण्याची भीती. पूर्ण झालेल्या फलकाच्या पाठीवर राजाच्या नावाचे एकमेकांत गुंफलेले दोन ‘एल’, वर्षाचे अक्षर आणि चित्रकाराची खूण असे. ही पाठ लाकडाला चिकटून राही. म्हणजे चित्रकाराची सही कपाटाच्या आत, अंधारात.

आता सोने. येथे आमचा आवडता शब्द येतो.

त्या काळी कांस्यावर मुलामा पाऱ्याने देत. ओतीव कांस्य कोरणीने बारीक कोरून घेत, आम्लाने स्वच्छ करीत. सोने आणि त्याच्या कितीतरी पट पारा एकत्र करून लोण्यासारखा गोळा होई. तो कांस्यावर सारखा पसरायचा आणि कोळशाच्या शेगडीवर धरायचा. पारा वाफ होऊन उडून जाई, सोने मागे राही. मग जेथे चकाकी हवी तेथे अकीकासारख्या कठीण दगडाने घोटायचे, जेथे नको तेथे मंद ठेवायचे. जाड थर हवा असेल तर हे सारे पुन्हा करायचे. पारा वाफ होऊन जाई कोठे? काही धुराड्यातून बाहेर, आणि काही वाकून काम करणाऱ्याच्या छातीत. हात कापू लागत, दात हलत, लाळ गळे, स्वभाव बदले. मुलामा देणाऱ्यांचे हात कापतात हे पॅरिसमध्ये सर्वांना ठाऊक होते. आंत्वान-आंद्रे राव्रिओ हा कांस्याचा मोठा कारखानदार १८१४ साली वारला. मुलामा देणाऱ्यांना पाऱ्यापासून वाचवण्याचा उपाय जो शोधील त्याला तीन हजार फ्रँक द्यावेत, अशी तरतूद त्याने मृत्युपत्रात केली होती. १८१८ साली दार्से नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला हे पारितोषिक मिळाले, ते शेगडीवरील वाफ जोराने वर ओढून नेणाऱ्या धुराड्यासाठी. कार्लिनच्या कपाटाला तोवर शेहेचाळीस वर्षे झाली होती.

लाकूडकामाखाली कार्लिनचा ठसा आहे. फलकामागे चित्रकाराची खूण आहे. सेव्रच्या विक्रीच्या वह्या आजही आहेत, त्यांत प्वारिएचे नाव आहे. कपाट द्यु बारीच्या नावाने ओळखले जाते. कांस्यकाम करणाऱ्यांवर मात्र ठशाची सक्ती नव्हती, आणि ते बहुधा सही करीत नसत. मुलामा देणाऱ्याचे नाव कोठेच नाही. अडीचशे वर्षांनंतर दालनात शिरणाऱ्याला सर्वांत आधी दिसते ते मात्र त्याचेच काम.

हे वाचून झाल्यावर आम्ही पुन्हा ध्वन्यालोक उघडला. लाज वाटावी अशी एक गोष्ट तेथे ध्यानात आली. वेगळ्या यत्नावरून यमकाला आनंदवर्धन नकार देतात हे खरे. पण तो नकार शृंगार प्रधान असेल तेथला आहे, आणि त्यातही विप्रलंभासाठी विशेषेकरून. रस तेथे इतका नाजूक असतो की यमक जुळवण्यात कवीचे लक्ष गेले तर तो निसटेल, अशी त्यांची भूमिका. सगळ्या काव्याला लावायचा तो दंडक नव्हे. आम्ही तो मोरोपंतांच्या कथाकाव्याला आणि भक्तिकाव्याला सरसकट लावला. ओठांच्या उच्चारांची अक्षरे वगळून निरोष्ठ रामायण लिहिणाऱ्या कवीला ‘वेगळा यत्न’ हा आरोप म्हणून ऐकवण्यात काय अर्थ होता? यत्न तर त्याने उघड्यावर मांडलेला होता. विद्यार्थ्याच्या प्रकरणात हा मुद्दा होता की नाही, ते आम्हांस आठवत नाही. आम्ही ते नीट वाचलेच नव्हते.

मोरोपंतांचा जन्म १७२९ चा. कार्लिन त्यांच्याच पिढीचा. पन्हाळ्याचे मोरोपंत बारामतीस नाइकांच्या आश्रयाने राहिले, फ्रायबुर्गचा कार्लिन पॅरिसला व्यापाऱ्याच्या मागणीवर जगला. या दोघांमध्ये काही देवाणघेवाण झाल्याचे आम्ही सुचवीत नाही, तसे काहीच नाही. कार्लिन १७८५ मध्ये वारला, फारशी संपत्ती मागे न ठेवता. द्यु बारीचा ८ डिसेंबर १७९३ रोजी गिलोटीनवर शिरच्छेद झाला. व्हर्सायमधील सामानाचा लिलाव त्याआधी ऑगस्टमध्ये सुरू झालेला होता आणि पुढे वर्षभर चालला. १७९४ च्या वसंतात मोरोपंत गेले. पुढल्या काळात दोघांच्याही कामाला साधारण एकच शेरा मिळाला, की कसब आहे पण आत्मा नाही.

येथे वाचकाने आम्हांस अडवावे. कारागिराने सोसले म्हणून वस्तू सुंदर ठरते काय? नाही ठरत. द्यु बारीच्या कपाटात आम्हांस आजही काहीसा पोकळपणा जाणवतो. त्या चित्रफलकांतील माणसे कधी कोणाची भाकरी भाजताना दिसत नाहीत. ज्या पैशातून ते घेतले गेले तो पैसा कोणाचा होता, हे सांगायला नको. नव-अभिजात शैली म्हणजे पॉम्पेई आणि हर्क्युलेनियम येथील उत्खननांनंतर युरोपने ग्रीक-रोमन साधेपणाकडे वळणे, असे पुस्तके सांगतात. त्या साधेपणाच्या सरळ रेषांवर इतकी फुले आणि इतके सोने असावे, ही विसंगती कपाटापुढे उभे राहिल्यावर लपत नाही. हा अभिप्राय चुकीचा असू शकेल, पण तो निदान पाहून दिलेला आहे. समासात लिहिलेला शब्द न पाहता लिहिला होता, आणि आमची चूक ती आहे. मराठी समीक्षेतील तुच्छतेचे कितीतरी शब्द आम्ही असेच वापरत आलो. बेगडी, गिलिटाचे, मुलामा, कलाकुसर. हे सारे शब्द कोणाच्या तरी हातच्या कामाचे आहेत, आणि आम्ही ते ज्यांच्याकडून घेतले त्यांना कधी विचारले नाही.

गेल्या वर्षी त्या विद्यार्थ्याचा दूरध्वनी क्रमांक मिळवला. आता त्याचेही केस पांढरे झाले असतील. आम्ही लूव्रची, पाऱ्याची सगळी हकिगत सांगितली. शेवटी भीत भीत विचारले, “वडिलांचे हात कापतात का?” तो म्हणाला, “नाही, सर. आमच्याकडे पारा नव्हता. विजेवरचं काम, टाक्यांमधलं. हात चांगले आहेत. खोकला आहे, तो टाक्यांच्या वाफेचा की विडीचा, कोण सांगणार?” आमची जुळवून आणलेली गोष्ट तेथेच थोडी मोडली, आणि ते बरेच झाले.

मग तो आपणहून म्हणाला, “त्या वेळी तुम्ही विचारलं असतंत तर वडिलांचं एक बोलणं सांगणार होतो. लोकांना वाटतं मुलाम्याखाली काहीही खपतं. ते म्हणायचे, उलटं आहे. खालचा नग आधी घासून पुसून आरशासारखा करावा लागतो. बारीक चरा राहिला असेल तर सोनं चढल्यावर तो जास्त दिसतो. मुलामा झाकत नाही, दाखवतो.”

आम्हांस पॅरिसचे कांस्यकार आठवले. मुलाम्याआधी कोरणी घेऊन पानापानाच्या शिरा काढणारे ते याच कारणासाठी काढीत असणार. यमकाचेही तसेच असेल काय? आर्येत अर्थाचा चरा राहिला असेल तर यमक तो झाकते की उघडा पाडते? प्रश्न विचारण्याजोगा आहे, आणि तो तेवीस वर्षांपूर्वी त्याच्या प्रकरणात बहुधा विचारलेला होता.

आम्ही म्हणालो, “ते प्रकरण मला पाठव. या वेळी वाचतो.” तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “सर, एकच प्रत होती. ती तुमच्याकडेच राहिली होती.”

खरे होते. आमच्याकडेच राहिली होती. निवृत्त झालो त्या वर्षी विभागातील आमचे कपाट रिकामे करताना जी सात-आठ गाठोडी रद्दीत दिली, त्यांत ती गेली असणार. हे आम्ही त्याला सांगितले. पुन्हा लिही, असेही म्हणालो. दिवाळीच्या सुटीत बघतो, असे तो म्हणाला.